गाणे घरी आणणारा विक्रेता

गौहर जान १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसूरला वारली. ऑगस्ट १९२८ पासून ती म्हैसूर दरबारच्या चाकरीत होती, तनखा महिना ५०० रुपये. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याच्या एका हॉटेलात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने तिचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर उतरवला आणि पुढच्या अठरा-वीस वर्षांत तिच्या सुमारे ६०० रेकॉर्डी निघाल्या. जिचे गाणे देशभर विकले गेले तिला अखेरचा आधार एका राजाने दिला, म्हणून ही कहाणी सहसा राजाश्रयाची कहाणी म्हणून सांगितली जाते. म्हैसूरचे महाराज नालवडी कृष्णराज वडियार गुणग्राहक होते यात शंका नाही. फैयाज खाँना ‘आफताब-ए-मौसिकी’ हा किताब म्हैसूरनेच दिला, अब्दुल करीम खाँची त्या दरबारात ऊठबस होती, त्याआधी आग्र्याचे नत्थन खाँही तिथे होते. पण म्हैसूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत बंगळूर आहे, आणि बंगळूरच्या पेठेतल्या ज्या माणसाने जन्मात राजवाड्याची पायरी चढली नाही, त्यालाही गौहर जान ऐकता येत होती. ती त्याच्या घरी कुणी नेऊन पोचवली? महाराजांनी नाही, गौहरनेही नाही. एका दुकानदाराने किंवा त्याच्याकडे माल घेऊन येणाऱ्या कंपनीच्या फिरत्या एजंटाने ती पोचवली. संगीताच्या इतिहासात या माणसाला तळटीपेतही जागा नाही. तो उरतो तो फक्त कुणाचा तरी बाप म्हणून: फिरतीवर असायचा, गाण्याचा नाद होता, घरात फोनो होता, एवढीच त्याची आठवण. माझे म्हणणे असे की विसाव्या शतकात आपल्याकडे घरी बसून गाणे ऐकणारा जो नवा श्रोता तयार झाला, तो घडवण्यात गवयाच्या आणि राजाच्या बरोबरीने या विक्रेत्याचा हात आहे; आणि त्याच्याविषयीच्या घरगुती आठवणींना आपण हळवेपणा म्हणून बाजूला सारतो, ते चूक आहे.

ग्रामोफोन ही काही आपोआप खपणारी वस्तू नव्हती. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ साली, शिवसमुद्रम्‌च्या विजेवर. पण या यंत्राला वीज लागतच नव्हती. बाजूचे हँडल फिरवून चावी द्यायची, आतली स्प्रिंग ताणली जायची आणि तिच्या जोरावर तबकडी फिरायची. त्यामुळे वीज नसलेल्या तालुक्याच्या गावीही ते विकता येत होते. मात्र विकायला माणूसच हवा होता. चावी किती द्यायची, जास्त पिळली तर स्प्रिंग तुटते, टोकदार पोलादी सुई एकदा वाजवली की बदलायची, नाहीतर ती रेकॉर्डची चर खाते, तबकड्या उभ्या ठेवायच्या, उन्हात ठेवल्या तर वाकतात, हातातून निसटल्या तर तुकडे: हे सारे गिऱ्हाइकाला कुणीतरी शिकवायचे होते. तबकड्यांचा मुख्य माल लाख. ती आपल्याच रानातली, जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायची आणि तिथल्या कारखान्यातून गाणे होऊन परत यायची. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाल्यावर हा फेरा संपला. सुरुवातीच्या रेकॉर्डींवर गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत सांगते, ते हॅनोव्हरच्या कामगारांना कोणती तबकडी कुणाची हे कळावे म्हणून. असल्या परक्या, महाग, फुटक्या वस्तूवर लोकांनी पैसे टाकावेत यासाठी दुकानात ती वाजवून दाखवावी लागे, आणि काय वाजवायचे हे ठरवणे ही विक्रेत्याची खरी कसोटी होती. बंगळूरच्या पेठेत कन्नड, तेलुगू, तमिळ, मराठी, उर्दू बोलणारी गिऱ्हाइके, छावणीच्या बाजूला इंग्रज आणि अँग्लो-इंडियन. कुणापुढे त्यागराजांची कृती लावायची, कुणापुढे नाटकातले पद, कुणापुढे गझल आणि कुणापुढे बँड, हे ज्याच्या कानाला कळत नव्हते त्याचा माल पडून राहत होता. तेव्हा या धंद्यात टिकलेला माणूस सहसा कानसेन असे, हा काही योगायोग म्हणता येणार नाही.

याचा एक पुरावा कुणालाही हातात धरून पाहता येतो. जुन्या रेकॉर्डींची तपकिरी कागदी पाकिटे काढून बघावीत. मधोमध गोल भोक, त्यातून रेकॉर्डवरची चिठ्ठी दिसते, आणि भोवतीच्या कागदावर बऱ्याचदा दुकानाचे नाव, पेठ, गाव छापलेले. त्याखाली दुकानात आणखी काय मिळते त्याची यादी: सायकली, घड्याळे, शिवणयंत्रे, पेट्या, सुया, दुरुस्तीची सोय. कधी रेकॉर्डच्या चिठ्ठीवरच दुकानाचा रबरी शिक्का असतो. संग्राहक तबकडीला जपतात आणि पाकीट फाटले की फेकून देतात. मला हे उलटे वाटते. तबकडीची दुसरी प्रत कुठेतरी मिळते. अमुक गाणे अमुक गावी अमुक पेठेतून विकले गेले हे सांगणारा कागद मात्र तो एकच असतो. गाण्याचा भूगोल या पाकिटांवर छापलेला आहे.

आता कुणी म्हणेल की सायकली आणि घड्याळे विकणारा माणूस रेकॉर्डीही विकतो, यात संगीतप्रेम कुठे आले? नफा मिळाला असता तर त्याने कोळसाही विकला असता. आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला ज्याची हकीकत नीट ठाऊक आहे अशा माणसाने उत्तर द्यावे. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस, व्यापारात नाव एच. बोस. केसांचे ‘कुंतलीन’ तेल आणि ‘देलखोश’ अत्तर हा त्यांचा मुख्य धंदा, सायकलीही विकत. या तेलाच्या जाहिरातीसाठी त्यांनी १८९६ साली ‘कुंतलीन पुरस्कार’ नावाची कथास्पर्धा काढली. अट अशी की गोष्टीत तेलाचे नाव यावे, पण जाहिरात वाटू नये. पहिल्या वर्षीचे बक्षीस निनावी कथेला गेले आणि तिचे लेखक निघाले जगदीशचंद्र बोस. याच माणसाने स्वदेशी चळवळीच्या ऐन भरात, १९०६ च्या सुमारास, नळकांड्यांच्या आकाराच्या रेकॉर्डी काढून बाजारात आणल्या आणि त्यांवर रवींद्रनाथांचा आवाज मुद्रित केला, त्यात त्यांनी गायलेले ‘वंदे मातरम्’सुद्धा होते. तबकडीपुढे नळकांडी टिकली नाहीत, धंदा मोडला, १९१६ मध्ये बोस गेले. निव्वळ नफ्याचा हिशेब करणारा माणूस तेल-अत्तरावर सुखाने राहिला असता. पण त्यांचे घर बघा: एक मुलगा नितीन बोस, न्यू थिएटर्सचा दिग्दर्शक, दुसरा मुकुल, ध्वनिमुद्रक, मुलगी मालती घोषाल, रवींद्रसंगीताची नामवंत गायिका, कार्तिक तेवढा क्रिकेटकडे गेला. विक्रेत्याच्या दुकानातली यंत्रे आणि विक्रेत्याच्या घरातले गाणे या दोन्हींचे वारस एकाच पिढीत एकाच छपराखाली निघावेत, याला मी पुरावा म्हणतो. आपल्याकडेही असे घडले आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना कळावी म्हणून, आणि शंकरराव किर्लोस्करांच्या हातून त्याचे झाले मराठीतले एक आघाडीचे मासिक. विक्रीच्या पोटी संस्कृती जन्मते हे मान्य करायला आपल्याला जड जाते, इतकेच.

बंगळूरकडे पुन्हा वळू. या शहराचे सांगीतिक स्थान समजायला पुण्याहून निघणारी जुनी मीटर गेज डोळ्यांपुढे आणावी लागते: पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी, हरिहर, बंगळूर. मिरजेचे सतारमेकर आपले तंबोरे याच वाटेने दक्षिणेला पाठवत. अब्दुल करीम खाँ मिरजेला राहून याच वाटेने खाली जात, आणि कर्नाटकी संगीताचा त्यांच्यावर इतका परिणाम झाला की त्यांनी कर्नाटकी रागांतल्या रेकॉर्डीही दिल्या. १९३७ च्या ऑक्टोबरात असेच दक्षिणेच्या प्रवासात असताना त्यांनी सिंगपेरुमालकोईल स्टेशनावर देह ठेवला. नाटक कंपन्यांचे डबे या रुळांवरून धावले, आणि त्यांच्याच पुढेमागे कंपन्यांच्या एजंटांच्या पेट्या. या वाटेवर व्यापारी काय करू शकतो याचे उत्तम उदाहरण बंगळूरचेच आहे. चमनलाल डुंगाजी हे तिथले मारवाडी व्यापारी. त्यांनी साउथ इंडिया मूव्हीटोन ही कंपनी काढली आणि कन्नड बोलपट करायचे ठरवले. बोलपटाचा स्टुडिओ मिळाला तो कोल्हापूरला, छत्रपती सिनेटोनचा. तेव्हा नटसंच तिकडे नेला, वाय. व्ही. राव यांनी चित्रपट दिग्दर्शित केला, आणि ३ मार्च १९३४ रोजी बंगळूरच्या सिटी मार्केटजवळच्या पॅरामाउंट थिएटरात ‘सती सुलोचना’ लागला. पडद्यावर आलेला हा पहिला कन्नड बोलपट. सुब्बय्या नायडू, आर. नागेंद्रराव, त्रिपुरांबा ही मंडळी रंगभूमीवरून आलेली, गाणी भरपूर, आणि पार्श्वगायन अजून आलेले नव्हते, त्यामुळे जो अभिनय करील त्यानेच कॅमेऱ्यापुढे गायचे. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, न्यू थिएटर्सच्या बंगाली ‘भाग्यचक्र’ आणि हिंदी ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायनाची रीत आली. दिग्दर्शक नितीन बोस, ध्वनिमुद्रक मुकुल बोस. तेच तेलवाल्या एच. बोसांचे मुलगे. मारवाडी व्यापाऱ्याचे भांडवल, कोल्हापूरचा स्टुडिओ, कन्नड रंगभूमी: या मिश्रणातून एका भाषेचा चित्रपट उभा राहिला, आणि त्याच्या इतिहासात चमनलाल डुंगाजींच्या नावापुढे आपण ‘निर्माते’ लिहून मोकळे होतो.

गदगची गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. गदगच्या शाळकरी भीमसेन जोशींनी एका दुकानात अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि असे गायला शिकायचेच या वेडाने १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडले. तपशिलात पाठभेद आहेत. रेकॉर्डची गोष्ट मात्र बहुतेकांत आहे. आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा सारे लक्ष मुलाच्या ध्यासावर असते, नाहीतर खाँसाहेबांच्या सुरावर. दुकानदाराला गोष्टीत नाव नाही, चेहरा नाही. ज्याने त्या दिवशी ती रेकॉर्ड लावली, विकत घ्यायची ऐपत नसलेले पोर उंबऱ्यापाशी घुटमळते आहे हे पाहूनही जे दुकान वाजत राहिले, त्याच्यामुळे ती घटना घडली. यावर म्हणता येईल की प्रतिभा कुठूनही वाट काढते. भीमसेनने रेकॉर्ड ऐकली नसती तर भजनी मंडळात काही ऐकले असते. कदाचित. पण खाँसाहेबांचे ‘किराणा’ घराणे ऐकले असते का? खाँसाहेब गदगच्या एका शिक्षकाच्या मुलाला समोर बसून ऐकायला मिळणे किती अवघड होते याचा विचार करावा. गुरुकुलात जायच्या आधी आपल्याला कोणता गुरू हवा हे त्या मुलाला ठाऊक होते, आणि ते त्याला ठाऊक करून दिले दुकानाने. घराण्यांची भिंत रेकॉर्डने मोडली असे म्हणतात. मोडली की नाही यावर वाद होऊ शकतो, पण भिंतीच्या बाहेर उभ्या असलेल्या मुलाला आतले ऐकू येऊ लागले, यावर होऊ शकत नाही.

कलावंतांच्या बाजूने जो आक्षेप येतो तो मला सर्वांत खरा वाटतो. रेकॉर्डीचा व्यापार झाला, त्यात कंपनीचे भले झाले, दुकानदाराचे झाले आणि गाणाऱ्याच्या हातावर एकरकमी बिदागी टेकवली गेली. गौहर जानचा शेवट हाच या आक्षेपाचा पुरावा आहे: तबकड्या सगळीकडे, आणि पोटापाण्यासाठी दरबाराचा तनखा. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कंपनी आणि विक्रेता यांत फरक करायला हवा. करार कंपनी करी. दुकानात उभा असलेला माणूस आणि फिरतीवरचा एजंट हे स्वतःही कमिशनवर किंवा पगारावर जगणारे. कंपनीच्या आत शिरून हा फरक काहीसा मिटवणारा एक माणूस मराठीला चांगला माहीत आहे. जी. एन. जोशी, शिक्षणाने वकील; भावगीतांच्या रेकॉर्डी गाजल्या आणि वकिली मागे पडून १९३८ साली ते एच. एम. व्ही.त ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. त्यापूर्वीच हुबळीच्या गंगूबाई हंगल यांच्याबरोबर त्यांनी मराठी भावगीते गायली होती. रेकॉर्डवर गंगूबाईंचे नाव ‘गांधारी हंगल’ असे येई. कन्नड घरातली ख्याल गाणारी मुलगी मराठी भावगीत गाते आणि वकिली शिकलेला मराठी तरुण तिच्या जोडीला गातो, ही जोडी कोणत्या राजाने जमवली नव्हती. ती जमवली बाजाराने, कारण कंपनीला दोन्ही भाषांतले गिऱ्हाईक हवे होते. पुढे ज्या गवयांनी रेकॉर्ड द्यायला नाखुशी दाखवली त्यांच्याकडे जोशी खेटे घालत राहिले, रुसवे काढत राहिले आणि आज आपण ज्यांना अमर म्हणतो अशी अनेक ध्वनिमुद्रणे त्यातून मिळाली. ‘स्वरगंगेच्या तीरी’मध्ये त्यांनी ते लिहून ठेवले आहे. गवयाला राजी करणे आणि गिऱ्हाइकाला राजी करणे ही एकाच कलेची दोन टोके. कलावंतावर अन्याय झाला, तो कराराच्या कागदावर झाला. त्याची शिक्षा म्हणून विक्रेत्याचे काम इतिहासातून पुसून टाकायचे, याने गौहरला काही न्याय मिळत नाही.

मग तीन मिनिटांचा प्रश्न. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, फार तर चार. तासभर चालणारा ख्याल एवढ्यात बसवायचा तर आलाप छाटायचा, विलंबित आटोपशीर करायची, ताना घाईने संपवायच्या. राग असा चेपून विकणाऱ्याने संगीत बिघडवले असे जुनी मंडळी म्हणत, आणि कानाला लागेल इतके त्यात तथ्य आहे. पण त्या तीन मिनिटांचा उपयोग काय झाला हे पाहावे. मैफल ऐकून घरी गेलेल्या माणसाकडे मैफलीची आठवण उरे. रेकॉर्ड घेऊन गेलेल्या माणसाकडे तेच स्वर पुन्हा पुन्हा ऐकायची मुभा उरे. तीच जागा दहा वेळा ऐकता येऊ लागली, तसा घरी बसणाऱ्या सामान्य माणसाचा कान शिकला. बायकांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण ज्या बैठकीत गौहर किंवा तिच्यासारख्या गायिका गात, तिथे घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातल्या बायकांना मज्जाव होता. त्यांनी त्या आवाजाला आपल्या माजघरात ऐकले. आणि पुढे, १९३९ साली बंगळुरात श्रीराम सेवा मंडळी स्थापन झाली आणि फोर्ट हायस्कूलच्या आवारातले रामनवमीचे संगीतोत्सव हजारोंच्या गर्दीने गजबजू लागले, तेव्हा त्या मांडवात भीमसेन जोशींसारख्या हिंदुस्थानी गवयालाही कर्नाटकी कानाचे श्रोते मिळाले. या श्रोत्यांपैकी अनेकांच्या कानांची पूर्वतयारी कुठे झाली असेल? घरातल्या कर्ण्यापुढे आणि नंतर रेडिओपुढे. तीन मिनिटांनी रागाचा संकोच केला खरा. श्रोत्यांचा विस्तारही त्यांनीच केला.

म्हैसूरच्या राजघराण्याची साक्ष काढून कुणी म्हणेल, राजाश्रयाची बरोबरी दुकान करूच शकत नाही. तर तीच साक्ष तपासू. कृष्णराजांनंतर गादीवर आलेले जयचामराजेंद्र वडियार स्वतः वाग्गेयकार, आणि पाश्चात्त्य संगीताचे गाढे रसिक. निकोलाय मेट्नर नावाचा रशियन संगीतकार लंडनमध्ये हलाखीत आणि विस्मृतीत दिवस काढत होता. महाराजांनी पैसे दिले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर एच. एम. व्ही.ने मेट्नरच्या रचना त्याच्याच वादनासह रेकॉर्डवर आणल्या. रिचर्ड स्ट्राउसच्या अखेरच्या चार गीतांचा पहिला प्रयोग २२ मे १९५० रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये झाला, त्यामागेही म्हैसूरचा पैसा होता. पण महाराजांनी मेट्नरला म्हैसूरला बोलावून दरबारी नेमले नाही. त्यांनी त्याच्या रेकॉर्डी काढवल्या, कारण विसाव्या शतकाच्या मध्यावर एखाद्या संगीतकाराला वाचवायचे म्हणजे त्याला दुकानाच्या फळीवर पोचवायचे, हे त्यांना उमगले होते. गौहरला तनखा देणारा काका आणि मेट्नरच्या रेकॉर्डी काढणारा पुतण्या यांच्यामध्ये जेमतेम वीस वर्षे आहेत. एवढ्यात राजाश्रयानेच विक्रेत्याचा रस्ता धरला.

उरतो तो बापाचा मुद्दा, आणि त्यात मराठी उदाहरण हाताशी आहे. पु. ल. देशपांडे यांचे वडील लक्ष्मण त्र्यंबक देशपांडे हे अडवाणींच्या कागद कंपनीत फिरते विक्रेते होते. ते रेकॉर्डी विकत नव्हते, कागद विकत होते. पण गाण्याचा आणि बालगंधर्वांच्या नाटकांचा शौक हा त्या घराचा स्वभाव होता, आणि त्या स्वभावात मुलाचा हात पेटीवर पडला. पार्ल्यात दत्तोपंत राजोपाध्यांकडे तो शिकला आणि पार्ल्याच्या टिळक मंदिरात खुद्द बालगंधर्वांपुढे पेटी वाजवून त्याने शाबासकी मिळवली. आजोबा ‘ऋग्वेदी’ विद्वान म्हणून त्यांचे नाव साहित्याच्या इतिहासात आहे. वडिलांना मात्र तिथे ‘पुलंचे वडील’ यापलीकडे ओळख नाही. इथे इतिहासकार सावध होतो: मुलांनी सांगितलेल्या बापाच्या आठवणी या प्रेमाने रंगवलेल्या असतात, त्यांना पुरावा कसे मानायचे? शंका योग्य आहे. तारखा, पगार, कोणत्या मैफलीला कोण हजर होते, या बाबतीत अशा आठवणींवर विसंबू नये. पण घरात काय वाजत होते, ते कोण आणत होता, कोणत्या खोलीत कुणाला ऐकायची परवानगी होती, महिनाअखेरीला पैशाची ओढ असताना रेकॉर्ड घेतली म्हणून घरात काय बोलणी झाली, याची नोंद कोणत्या दप्तरात असणार? दरबाराने तनख्याची नोंद ठेवली म्हणून गौहरचे ५०० रुपये आपल्याला कळतात. फिरत्या विक्रेत्याने आपल्या शौकावर काय खर्च केले ते मुलांच्या स्मरणातच राहते. दप्तर ठेवणाऱ्याचाच इतिहास लिहायचा असेल, तर मग राजेच उरतील.

आणि त्या शौकाचा परिणाम मात्र दप्तरात सापडतो. १९५३ साली ‘गुळाचा गणपती’ आला. कथा, दिग्दर्शन, संगीत, मुख्य भूमिका, सारे पुलंचे. त्यातला ग. दि. माडगूळकरांचा अभंग ‘इंद्रायणी काठी’ पुलंनी बांधला आणि भीमसेन जोशींकडून गाऊन घेतला. कागदाच्या फिरत्या विक्रेत्याचा मुलगा चाल लावतो, आणि गदगच्या दुकानाच्या उंबऱ्याशी घुटमळलेला मुलगा ती गातो. त्या दिवशी दोघांच्या मागे कोणताही दरबार नव्हता. पुढे ते गाणे रेकॉर्डवर आले आणि आणखी कुठल्या कुठल्या दुकानांत वाजत राहिले.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येते. कॅसेट आल्या आणि विक्रेता बदलला. १९७८ साली निसार अहमद यांच्या कवितांना म्हैसूर अनंतस्वामींनी लावलेल्या चालींची ‘नित्योत्सव’ ही कॅसेट निघाली आणि कन्नड भावगीताला कॅसेटची बाजारपेठ उघडली. बंगळूरच्या लहरी कंपनीने पुढे चित्रपटगीतांच्या कॅसेटचा मोठा धंदा केला. पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात गाणे मिळू लागले. स्वस्त झाले, पोचले, आणि निवड करून देणारा कानसेन दुकानदार हळूहळू अनावश्यक ठरला. आता फोनवर गाणे येते आणि पुढचे गाणे यंत्र सुचवते. सुचवण्याचे काम तेच आहे, फक्त समोर माणूस नाही, म्हणून त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. सोय झाली हे खरे, पण दुकानदाराशी घातलेली ती हुज्जत हेही संगीतशिक्षणच होते, असे माझे मत आहे.

बंगळुरात या जुन्या व्यापाराची दखल घ्यायला सुरुवात झाली आहे. विक्रम संपत यांनी २०१० मध्ये गौहर जानचे चरित्र लिहिले आणि जुन्या तबकड्यांचे आवाज संगणकावर उतरवून ते खुले करण्याचे काम तिथून उभे राहिले. पण आवाज वाचला म्हणजे व्यापाराचा इतिहास वाचला असे होत नाही. बंगळूर, हुबळी, बेळगाव, मिरज, कोल्हापूर इथल्या ज्या मराठी घरांत आजोबा-पणजोबा एजंट होते, दुकानदार होते किंवा नुसते फिरतीवर असताना रेकॉर्डी घेऊन येणारे शौकीन होते, त्यांनी माळ्यावरची ट्रंक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघावी. तबकड्या तर ठेवाच. त्याबरोबर पाकिटे, कंपनीच्या मासिक याद्या, दुकानाची बिले, सुयांच्या डब्या आणि फिरतीच्या डायऱ्याही ठेवा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून कोणती रेकॉर्ड कुणी, कुठून, कोणासाठी आणली ते पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा.